चाल : पारंपरिक

यंदाच्या पावसात आमच्या चर्चमधल्या पायपेटीचा 'ध' गेला. मधल्या सप्तकातला. पट्टी दाबली की आधी नुसती हवा येते, मग घसा बसलेल्या माणसासारखा सूर लागतो, तोही उतरलेला. वेंगुर्ल्याच्या खाऱ्या हवेत पितळी जिभा हिरव्या पडतात, श्रावणात पट्ट्या फुगून एकमेकींना धरतात, हे मी लहानपणापासून बघत आले आहे. पप्पा दर मे महिन्यात पेटीचं मागचं झाकण काढून तिला ऊन दाखवायचे. ते गेल्यापासून हे काम माझ्याकडे आहे. या वर्षी मे महिनाभर मी मुलीकडे मुंबईला होते आणि ते राहून गेलं. चूक माझीच.

दुरुस्तीला दशावतारातल्या पेटीवाल्या काकांना बोलावलं. पायपेटी माझ्या माहितीत आता दोनच ठिकाणी नेमाने वाजते, एक दशावताराच्या रंगमंचाशेजारच्या बाकड्यावर आणि दुसरी आमच्यासारख्या जुन्या चर्चमध्ये. काकांनी पेटी उघडली, बॅटरीच्या उजेडात सूर, म्हणजे आतली पितळी जीभ, बघितला आणि म्हणाले, "जुनो जर्मन सूर आसा ह्यो. असो आता मेळूचो नाय. मुंबयसून मागवतंय, पन येळ लागतलो." बाकीचे सूर त्यांनी पुसून घेतले, भात्याला एक ठिगळ लावलं आणि म्हणाले, काहीतरी वाजव बघू.

मी 'निअरर माय गॉड टु दी'ची चाल वाजवली. ग रे सा सा, ध ध, प सा ग रे. यातला ध खालचा, तो शाबूत आहे. काकांनी डोळे मिटले. पहिली ओळ संपायच्या आत म्हणाले, "ह्यो तर भूप!" आणि मग, "चाल कोणी लायली गो ह्येची?"

माझ्या तोंडून उत्तर लगेच गेलं. "लोवेल मेसन. अमेरिकेत होते. तरुणपणी बँकेत कारकुनी करायचे."

काका नुसते "बरां" म्हणाले आणि स्क्रू आवळायला लागले. पण मला रात्रभर झोप लागली नाही. चर्चमध्ये इतकी वर्षं मी वाजवते आहे आणि हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला तो चर्चबाहेरच्या माणसाने. आमच्या मंडळीत गीत कोणी लिहिलं हे कुणीतरी सांगतं. रेव्हरंड टिळकांचं असेल तर अभिमानाने सांगतात, आणि सांगावंच, ते आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात जन्मलेले. पण चाल कोणाची, हे कोणी विचारत नाही.

मीही विचारत नव्हते. १९८८च्या नाताळासाठी मी गीतांची पुस्तिका केली होती. स्टेन्सिल कापून, सायक्लोस्टाइलवर. अकरा गीतं होती. प्रत्येक गीताच्या डोक्यावर मी कवीचं नाव लिहिलं आणि त्याखाली 'चाल : पारंपरिक'. अकराही ठिकाणी. मला ते छान, छापील वाटलं होतं. पप्पा मिशन हॉस्पिटलमध्ये कंपाउंडर होते. ड्यूटीवरून आले, पुस्तिका बघितली, जेवेपर्यंत काही बोलले नाहीत. जेवण झाल्यावर निळ्या शाईचं पेन घेतलं आणि अकरापैकी नऊ ठिकाणचं 'पारंपरिक' खोडून नऊ नावं लिहिली. उरलेल्या दोन चाली खरंच देशी होत्या, ओवीच्या, त्या तशाच ठेवल्या. मग म्हणाले, "हा माणूस बसून, जागून, खोडून चाल करतो. आणि आपण त्याला पारंपरिक म्हणतो. का, तर आपल्याला शोधायचा कंटाळा." ते माझ्यावर कधी रागवत नसत. म्हणून ते वाक्य आजही आठवतं.

त्यांची एक वही आहे, हॉस्पिटलच्या जुन्या रजिस्टरमधली. एका मिशनरी बाईंकडून ते पाश्चात्त्य स्वरलिपी शिकले होते. इंग्रजी गीतपुस्तकातल्या चाली त्यांनी त्या वहीत सा रे ग मध्ये उतरवून घेतल्या. वर डावीकडे चालीचं नाव, कारण त्या परंपरेत चालीला स्वतःचं नाव असतं, गीतापेक्षा वेगळं. उजवीकडे चाल करणाऱ्याचं नाव आणि त्याचा जन्ममृत्यू. मध्ये आकडे, ८.७.८.७. लहानपणी मला ते पाढ्यांसारखे वाटायचे. पप्पांनी समजावलं ते अभंगावरून. अभंगाच्या चरणांत सहा, सहा, सहा, चार अक्षरं, म्हणून एका अभंगाची चाल दुसऱ्याला लागते की नाही? तसंच हे. आठ अक्षरांची ओळ, मग सात, पुन्हा आठ, पुन्हा सात. त्या मापाचं कुठलंही गीत त्या चालीत बसतं. म्हणून तर चाली गीतं सोडून फिरत राहतात, देश बदलतात, भाषा बदलतात, आणि वाटेत करणाऱ्याचं नाव गळून पडतं.

निवृत्त झाल्यावर मी त्या उजवीकडच्या नावांच्या मागे लागले. काही माणसं मला फार जवळची झाली आहेत.

सगळ्यात आधी जॉन बॅकस डाइक्स. 'होली होली होली' ज्या चालीत गातात ती 'नायसिया' यांची, १८६१ची. पहिल्या ओळीत तीनदा 'पवित्र' म्हणायचं आणि प्रत्येक वेळी एक पायरी वर जायचं. सा सा, ग ग, प प. ज्या परिषदेत त्रैक्याचा विश्वास शब्दांत मांडला गेला, ती इसवी सन ३२५ मधली नायसियाची, आणि चालीला नाव तिचं. तीन 'पवित्र', तीन पायऱ्या, तिघांत एक देव. इतकं सगळं त्यांनी सहा सुरांत ठेवलं, आणि कुठेही शिकवणी घेतल्यासारखं वाटत नाही. शब्द बिशप रेजिनाल्ड हेबर यांचे. हेबर कलकत्त्याचे बिशप होते आणि १८२६ साली तिरुचिरापल्लीत वारले. तेव्हा डाइक्स तीन वर्षांचे होते. कवी आणि चालकार कधी भेटले नाहीत.

डाइक्स इंग्लंडमधल्या हल गावचे, म्हणजे बंदरावरचेच. दहाव्या वर्षी आजोबांच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवत होते. पुढे धर्मगुरू झाले, डरहॅमच्या कॅथेड्रलमध्ये गायनाची जबाबदारी आली, मग तिथल्याच सेंट ऑस्वल्ड चर्चचे व्हिकर, म्हणजे पाळक, झाले. जवळपास तीनशे चाली केल्या. यातल्या कुठल्याच कामासाठी ते संगीतकार म्हणून नेमलेले नव्हते. गावातली आजारी माणसं, बाप्तिस्मे, पुरण्याचे विधी, यांतून वेळ काढून केलेलं हे काम. आणि शेवट फार वाईट झाला. उपासनेच्या पद्धतीवरून त्यांच्या बिशपांशी त्यांचा वाद झाला. रंगीत वस्त्रं, धूप, वेदीकडे तोंड करून उभं राहणं, असल्या गोष्टींवरून. डाइक्सना मदतनीस धर्मगुरू हवा होता, परगणा मोठा होता, पण बिशप परवानगी देईनात. डाइक्स कोर्टात गेले. १८७४च्या जानेवारीत कोर्टाने हस्तक्षेप करायला नकार दिला. मग सगळं काम एकट्यावर, आणि त्यात तब्येत ढासळली ती ढासळलीच. २२ जानेवारी १८७६ला गेले, वय बावन्न.

त्यांची सगळ्यात धाकटी मुलगी मेबल, दहा वर्षांची, १८७० साली स्कार्लेट फीव्हरने गेली होती. बाप आणि लेक एकाच कबरीत आहेत. ती स्मशानभूमी आता लहान मुलांचं खेळायचं मैदान झाली आहे आणि तिथे खूण असलेली ही एकच कबर उरली आहे. हे वाचलं त्या दिवशी मी पेटीवर बसले आणि 'नायसिया' वाजवताना दुसऱ्या ओळीला थांबले. पुढे हात चालेना.

समुद्रावरच्या लोकांसाठी त्यांची आणखी एक चाल आहे, 'मेलिता'. मेलिता म्हणजे माल्टा, बायबलमधल्या पौलाचं गलबत फुटून तो जिथल्या किनाऱ्याला लागला ते बेट. 'दर्यावर संकटात असलेल्यांचं रक्षण कर' अशी मूळ गीताची विनवणी आहे. नारळी पौर्णिमा झाली की आमच्या शेजारच्या गाबितांच्या होड्या दर्यात उतरतात. त्या आठवड्यातल्या रविवारी अर्पणाच्या वेळी मी शब्दांशिवाय ही चाल वाजवते. मंडळीतल्या कोणाला ते माहीत नव्हतं. आता इथे लिहिते आहे.

डाइक्स १० मार्च १८२३चे. त्यानंतर सहाच दिवसांनी, १६ मार्चला, लंडनमध्ये विल्यम हेन्री मंक जन्मले. गंमत वाटते मला या जोडीची. एकाच आठवड्यात दोघे. १८६१चं जे मोठं इंग्रजी गीतपुस्तक निघालं, 'हिम्स एन्शंट अँड मॉडर्न', त्याचे संगीत संपादक मंक होते. डाइक्सनी ओळख नसताना आपल्या काही चाली त्यांच्याकडे पाठवल्या. मंकनी त्यातल्या सात घेतल्या. दुसऱ्याच्या चाली निवडणारा माणूस स्वतःची फार मोठी चाल करून गेला, 'इव्हनटाइड', म्हणजे 'अबाइड विथ मी'ची. त्यांच्या पत्नीने सांगितलेली आठवण अशी की घरात मोठं दुःख होतं, दोघं रोज सूर्यास्त बघत उभे राहायचे, आणि तशाच एका संध्याकाळी उजेड विझल्यावर त्यांनी कागद ओढून चाल लिहिली. दुसरी एक गोष्ट सांगतात की समितीची बैठक संपल्यावर या गीताला चालच नाही हे लक्षात आलं आणि मंकनी दहा मिनिटांत ती केली. मला या दोन गोष्टींत भांडण दिसत नाही. दुःख महिनोन्महिने साठत असेल आणि हात दहा मिनिटं चालला असेल. पप्पा दर २९ जानेवारीला टीव्हीसमोर उभे राहून दिल्लीतल्या बीटिंग रिट्रीटमध्ये ही चाल ऐकायचे. ग ग रे सा प, ध प प म ग. चौथ्या सुरावरून पाचव्यावर ती जी उडी आहे, तिथे ते मान किंचित वर करायचे. २०२२ पासून ती चाल तिथे वाजत नाही. मी त्या तारखेला घरी वाजवते.

आता एका बाईबद्दल. तिच्याबद्दल मला बाकी सगळ्यांपेक्षा जास्त सांगायचं आहे.

आपल्या किनाऱ्यावर सुरुवातीला आलेले प्रोटेस्टंट मिशनरी स्कॉटिश होते. १८२३ साली ते बाणकोटला आले, मग हर्णैला. जॉन विल्सन १८२९ साली आले तेव्हा मराठी शिकायला आधी याच भागात राहिले. त्या काळच्या स्कॉटिश चर्चमध्ये वाद्य नसायचं. दाविदाची स्तोत्रं छंदात बांधलेली, एकजण सूर धरणार आणि बाकीचे नुसत्या गळ्याने गाणार. बाणकोटच्या खाडीवर ते गाणं कसं वाटलं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते. त्याच स्कॉटलंडमधली नंतरची एक चाल आज जगभर तेविसाव्या स्तोत्रासाठी गातात. तिचं नाव 'क्रिमंड'. क्रिमंड हे गाव. तिथल्या धर्मगुरूंची मुलगी जेसी सीमोर अर्व्हिन, १८३६ची. ऑर्गन शिकत असताना अभ्यास म्हणून तिने ही चाल केली असं सांगतात. १८७२ साली ॲबर्डीनमधून 'नॉर्दर्न सॉल्टर' हे स्तोत्रपुस्तक निघालं आणि त्यात चाल छापली गेली ती डेव्हिड ग्रँट यांच्या नावावर. ग्रँट ॲबर्डीनचे तंबाखूचे व्यापारी, संगीताचे जाणकार, त्यांनी चालीला साथीचे सूर लावून दिले होते. जेसी १८८७ साली वारली. १९११ साली तिच्या बहिणीने पत्र लिहून सांगितलं की चाल आमच्या जेसीची आहे. त्यावरून वाद झाला आणि तो अजून पुरता मिटलेला नाही. काही पुस्तकांत तिचं नाव असतं, काहींत ग्रँट यांचं, काहींत दोघांचं.

मी न्यायाधीश नाही. पण मी दहा वर्षांची असताना पेटीच्या बाकावर बसले, तेव्हा पाय भात्याच्या पाट्यांना पुरत नव्हते आणि पप्पा खाली बसून हाताने पाट्या दाबायचे. शिकणाऱ्या मुलीला अभ्यास करता करता काहीतरी सुचतं, ते वहीत राहतं, आणि जाणता माणूस ते नीट करून देतो, हे मला अगदी डोळ्यांसमोर दिसतं. बहिणीने एवढ्या वर्षांनी पत्र लिहिलं ते उगाच नाही. २० नोव्हेंबर १९४७ला वेस्टमिन्स्टर ॲबीत राजकन्या एलिझाबेथच्या लग्नात ही चाल गायली गेली आणि त्यानंतर ती घराघरांत पोहोचली. जेसीला जाऊन तेव्हा साठ वर्षं झाली होती. माझ्या वहीत मी तिचंच नाव ठेवलं आहे. पप्पांनीही तेच लिहिलं होतं, पुढे कंसात ग्रँट.

चालीवरून तुरुंगात गेलेले एक आहेत, लुई बुर्ज्वा. 'ओल्ड हंड्रेड्थ' ही चाल १५५१च्या जिनिव्हाच्या स्तोत्रपुस्तकातली, बुर्ज्वांच्या हातची मानतात. त्याच वर्षी ३ डिसेंबरला त्यांना कैद झाली. गुन्हा काय, तर लोकांच्या ओळखीच्या स्तोत्रांच्या चाली परवानगीशिवाय बदलल्या. तिथले धर्मसुधारक कॅल्विन यांनी मध्यस्थी केली तेव्हा सुटले. एखाद्या गीताला मी नवी चाल लावली की आमच्याकडे मागच्या बाकांवरून कुरबुर होतेच, तेव्हा मला बुर्ज्वा आठवतात.

माझी आजी 'रामदास' बोटीची हकिगत सांगताना आवाज खाली आणायची. १७ जुलै १९४७, मुंबईहून रेवसला निघालेली बोट, सहाशेहून जास्त माणसं. म्हणून 'इट इज वेल विथ माय सोल'च्या चालीचं नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. चालीचं नाव 'व्हिल द्यू हाव्र', आणि ते एका बुडालेल्या बोटीचं आहे. १८७३ साली त्या बोटीबरोबर कवी होरेशिओ स्पॅफर्ड यांच्या चार मुली गेल्या. शब्द त्यांचे. चाल फिलिप ब्लिस यांनी १८७६ साली केली. त्याच वर्षी २९ डिसेंबरला ओहायोत ॲश्टाब्युला इथे आगगाडीखालचा पूल कोसळला आणि ब्लिस पतीपत्नी दोघंही गेली. ते अडतीस वर्षांचे होते. दुसऱ्याच्या अपघाताला सूर देणाऱ्याचा असा शेवट. यापुढे मला काही लिहिता येत नाही.

बाकी किती तऱ्हेची माणसं! 'व्हॉट अ फ्रेंड वी हॅव'ची चाल करणारे चार्ल्स कॉन्व्हर्स वकील होते. विल्यम डोन यांचा सुतारकामाच्या यंत्रांचा कारखाना होता. 'कूम रोंडा' ही चाल करणारे वेल्सचे जॉन ह्यूज बाराव्या वर्षी कोळशाच्या खाणीत दार उघडझाप करायला लागले. लोवेल मेसन तर बँकेतून सुटून बोस्टनला गेले आणि १८३८ साली तिथल्या सरकारी शाळांत त्यांच्यामुळे संगीत शिकवायला सुरुवात झाली. मी स्वतः प्राथमिक शिक्षिका होते, शाळेत गाण्याचा तास सगळ्यात आधी कापला जातो हे मी बघितलं आहे, म्हणून मेसन यांच्या चालींपेक्षा मला हे काम मोठं वाटतं.

आणि रोलंड प्रिचर्ड. पप्पांनी मला पहिली शिकवलेली चाल त्यांची, 'हफ्रडोल'. वेल्श शब्द आहे, अर्थ रमणीय. प्रिचर्ड १८११ साली वेल्समध्ये बाला गावाजवळ जन्मले. ही चाल केली तेव्हा वय जेमतेम वीस. पुढे मुलांना गाणं शिकवायला चालींचं एक पुस्तक काढलं. आणि वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी हे गृहस्थ होलीवेल गावी फ्लॅनेलच्या गिरणीत कामाला लागले, मागांवर मदतनीस म्हणून. माझ्याहून मोठ्या वयात. मागांच्या त्या खडखडाटात आपल्या विसाव्या वर्षाची ती चाल त्यांना ऐकू येत असेल का? १८८७ साली ते गेले.

पप्पांनी हीच चाल आधी का शिकवली, त्याचं कारण सोपं होतं. सगळी चाल सा ते प या पाच सुरांत फिरते. हात हलवावा लागत नाही, पाच बोटं पाच पट्ट्यांवर ठेवली की झालं. फक्त एकच सूर त्या पाचांबाहेर जातो. 'ध'.

काकांनी मागवलेला सूर अजून आलेला नाही. मध्यंतरी मी पाळकसाहेबांना विचारलं, गीत सुरू व्हायच्या आधी चाल करणाऱ्याचं नाव आणि त्याच्याबद्दल दोन वाक्यं सांगू का? ते म्हणाले, सांगा, पण दोनच. मागच्या रविवारी पहिलं नाव घेतलं ते प्रिचर्ड यांचं. गिरणी, माग, एकोणसत्तर वर्षं, एवढंच सांगितलं. मग वाजवायला बसले. पहिल्या कडव्यात तो सूर आला तेव्हा मी पट्टी दाबलीच नाही, मोकळी जागा सोडली, आणि मंडळी चाचरली. दुसऱ्या कडव्यात तिथे फक्त गळे होते, पुढच्या बाकावरच्या बायकांचे. तिसऱ्याला मागच्या बाकांवरचे पुरुषही त्यात आले आणि तो ध पेटीवर कधी लागला नसता इतका भरून लागला.